पारा : एक संज्ञा आणि तीन द्रव्ये

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या भूमसारख्या गावात 'पारा' हा शब्द नित्याच्या बोलण्यातला आहे. तापमापकातील चकाकणारा द्रव धातू हा त्याचा वाच्यार्थ होय. उन्हाळ्यात पारा चढतो आणि संतापलेल्या माणसाचाही चढतो, हे त्याचे लाक्षणिक प्रयोग होत. परंतु 'माशांत पारा आढळतो' ह्या वाक्यात हाच परिचित अर्थ वाचकाची दिशाभूल करतो. मासा चिरल्यावर त्यात चकाकणारा थेंब कोणासही दिसत नाही. मग धोका खरोखर आहे की नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे मूळ संज्ञेच्या संदिग्धतेत आहे.

'पारा' ह्या एकाच नावाखाली व्यवहारात तीन प्रकारची द्रव्ये येतात. पहिले, धातुरूप पारा. तो गिळला गेल्यास आतड्यात जवळजवळ शोषला जात नाही. मात्र श्वासावाटे गेलेल्या त्याच्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो. दुसरे, पाऱ्याची अकार्बनी संयुगे. हिंगूळ हे त्यांतील परिचित उदाहरण. तिसरे, मिथिल पारा हे कार्बनयुक्त संयुग. अन्नातून आलेला मिथिल पारा ९० टक्क्यांहून अधिक शोषला जातो, मेंदूपर्यंत पोचतो आणि नाळेतून गर्भातही जातो. माशांच्या मांसात असतो तो प्रामुख्याने हाच.

पाण्यात सोडलेला पारा हे रूप कसे धारण करतो, ह्याचा उलगडा स्वीडनमधील येन्सेन व येर्नलव ह्यांनी १९६९ साली केला. तळाच्या गाळातील सूक्ष्मजीव अकार्बनी पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तेथून तो शेवाळात, शेवाळावर जगणाऱ्या जीवांत, लहान माशांत आणि शेवटी त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत जातो. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. म्हणून एकाच जलाशयात मरळीसारख्या शिकारी माशात तो लहान माशांपेक्षा अधिक साठू शकतो. तो मांसातील प्रथिनांशी बद्ध असल्यामुळे धुतल्याने वा शिजविल्याने जात नाही.

ह्या विषबाधेचे पहिले मोठे उदाहरण जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आले. त्याहून कमी परिचित, परंतु अधिक बोधप्रद उदाहरण कॅनडाच्या आँटेरिओ प्रांतातील आहे. तेथील ड्रायडन गावी कागद गिरणीला रसायने पुरविणाऱ्या कारखान्याने १९६२ ते १९७० ह्या काळात सुमारे ९,००० किलोग्रॅम पारा वाबिगून नदीत सोडला. प्रवाहाच्या खालच्या अंगास ग्रासी नॅरोज व व्हाइटडॉग येथील अनिशिनाबे लोकांची वस्ती आहे. 'ओगा' हा तेथला शिकारी मासा त्यांचे अन्न होते. १९७० साली व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. तेव्हा ह्या लोकांच्या ताटातील अन्न गेलेच. शिवाय मासेमारीवरची आणि पर्यटकांना मासेमारीस नेण्याची मजुरीही गेली. भरपाईचा करार १९८५ साली झाला. नदीच्या शुद्धीकरणासाठी ८.५ कोटी डॉलर देण्याचे प्रांतिक सरकारने २०१७ साली जाहीर केले. विष सोडावयास आठ वर्षे पुरली. त्याच्या निवारणास अर्धे शतकही पुरले नाही.

महाराष्ट्रास हा प्रश्न परका नाही. मिठाच्या द्रावणातून विद्युत्‌प्रवाहाने क्लोरीन व कॉस्टिक सोडा मिळविताना पाऱ्याचा ऋणाग्र म्हणून उपयोग करण्याची जी पद्धत ड्रायडनला होती, तीच कल्याण परिसरातही होती. मुंबई व ठाणे परिसरातील माशांतील पाऱ्याची तेजम व हलदार ह्यांनी केलेली प्राथमिक पाहणी १९७५ साली प्रसिद्ध झाली. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हास नदीच्या खाडीतील गाळाचा अभ्यास करून त्यात साठलेला पारा दाखवून दिला. २००३ च्या पर्यावरणविषयक सनदेनंतर भारतीय कारखान्यांनी ही पद्धत टप्प्याटप्प्याने सोडली. २०१८ साली भारताने मिनामाता करारास मान्यताही दिली. तथापि कारखान्याचे नळ बंद झाले म्हणून तळाचा गाळ लगेच निर्दोष होत नाही.

ज्यांच्या जेवणात मासा क्वचितच येतो त्यांस हा प्रश्न अभ्यासाचा आहे. खाडीकाठचा कोळी आणि नदीकाठचा कातकरी ह्यांस तो रोजच्या जेवणाचा आहे. 'माशांत पारा आहे' एवढेच त्यांस सांगणे म्हणजे निष्कारण भीती तरी घालणे, नाही तर अविश्वास तरी ओढवून घेणे होय. मासा हे त्यांचे स्वस्त व सकस अन्न आहे. ते सरसकट वर्ज्य करण्यातही हानी आहे. भारतीय मानकानुसार अन्नातील मिथिल पाऱ्याची मर्यादा किलोग्रॅमला ०.२५ मिलिग्रॅम आहे; परंतु हा आकडा खाणाऱ्याच्या भाषेत उतरला पाहिजे. कोणता मासा, केवढा, आठवड्यातून किती वेळा आणि गरोदर स्त्रीने काय टाळावे, हे माशांच्या स्थानिक नावांनिशी सांगितले तरच सूचना सूचना ठरते. अर्थात अचूक सूचनेने उगमाची जबाबदारी संपत नाही. ग्रासी नॅरोजच्या लोकांस मासा खाऊ नका असे सांगणे सोपे होते. पारा नदीत सोडू नका, हे ड्रायडनला वेळीच सांगणे अधिक अगत्याचे होते.