लॅक्स्टन : पंचांनीं राखलेलें एक इंग्रजी खेडें

शेताच्या सीमेचा तंटा हा शेतीइतकाच जुना होय. आमच्या स्मृतिकारांनीं अठरा व्यवहारपदांत सीमाविवादास स्वतंत्र स्थान दिलें, तें उगीच नव्हे. परंतु जेथें शेताशेतांमध्यें कुंपणच नाहीं, तेथें लोक कसे नांदत असतील? इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायर परगण्यांतलें लॅक्स्टन हें लहानसें खेडें या प्रश्नाचें उत्तर देतें.

मध्ययुगांत त्या देशाच्या मध्यभागीं बहुतेक गांवांची शेती अशा उघड्या रानांतच चाले. पुढें १८ व्या व १९ व्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनीं हीं रानें वांटलीं गेलीं, त्यांस कुंपणें पडलीं, आणि अनेक गरिबांचा गुरें चारण्याचा हक्क बुडाला. लॅक्स्टनचीं तीन मोठीं रानें मात्र अद्यापि उघडीं आहेत. त्यांत निरनिराळ्या कुळांच्या लांबट पट्ट्या शेजारीं शेजारीं असतात. रीत अशी कीं, एका रानांत हिंवाळी गहूं, दुसऱ्यांत वसंतांतील पेरा, व तिसऱ्यास विसांवा. दरसाल पाळी बदलावयाची. मनास येईल तें पेरण्याची मुभा कोणास नाहीं. मार्क पिअर्स यानें १६३५ सालीं काढलेला या गांवचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत असून, त्यांत या पट्ट्या व त्यांत राबणारीं माणसें रेखाटलीं आहेत.

हिंवाळ्याच्या आरंभीं गांवचे पंच गव्हाच्या रानांत फिरतात. सामाईक वाटेंत किंवा गवताच्या पट्टींत कोणीं नांगर घातला असल्यास खुंट्या मारून खरी हद्द दाखवितात. मग ‘कोर्ट लीट’ नामक गांवसभा भरून दंड ठरतो. दंडाची रक्कम क्षुल्लकच. खरी शिक्षा, आमच्या मतें, शेजाऱ्यांदेखत आपलें नांव पुकारलें जाण्याची.

जमिनीचे धनी मात्र बदलत गेले. १९५२ सालीं अर्ल मॅन्व्हर्स यांजकडून सरकारी शेतकी खात्यानें ती विकत घेतली. १९८१ सालीं ती राजसंपत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली. आणि २०२० सालीं पुनः अर्लच्या जुन्या थोरस्बी जहागिरीकडे आली. प्रत्येक वेळीं प्रश्न एकच : ही रीत टिकेल काय?

आम्हांस वाटतें, केवळ धन्याच्या मर्जीवर ती टिकणार नाहीं. शेजाऱ्यानें खुंटी मारली असतां राग गिळून नांगर मागें घेणारीं माणसें त्या गांवांत जोंवर आहेत, तोंवरच तिचें आयुष्य. कुंपण लांकडाचें असो वा मर्यादेचें, तें राखावें लागतें. आणि दुसरें राखणें अधिक कठीण.