उणेदुणे काढण्याची कला

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जी तीन गावे ओळीने लागतात, त्यांपैकी उल्हासनगराच्या वाट्याला महाराष्ट्रात जेवढे टोमणे आले तेवढे क्वचितच दुसऱ्या गावाच्या वाट्याला आले असतील. कोणाचे नवे घड्याळ आठवडाभरात बंद पडले की ‘उल्हासनगरचा माल दिसतो’ एवढेच म्हणावयाचे. वस्तू, ती विकणारा आणि ती घेणारा अशा तिघांचाही उद्धार तेवढ्यात होऊन जातो. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसून तिला सध्याचे नाव लाभले, आणि बराकींत राहून त्या माणसांनी पापडापासून पाटलोणीपर्यंतचा व्यापार उभा केला. ‘मेड इन यूएसए’मधील यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा त्यांच्यावरचा विनोद पुढे सिंधी मंडळीच हसत हसत सांगू लागली, आणि मग टोमणा मारणाऱ्याची पंचाईत झाली.

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ चाळताना एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की दुसऱ्यास दोष देण्याची आपली पुष्कळशी सामग्री दप्तरखान्यातून आलेली आहे. हजेरी घेणे, झडती घेणे, ताशेरे ओढणे, तगादा लावणे हा सारा कारकून, शिपाई आणि सावकार यांचा रोजचा व्यवहार. तो कचेरीचा उंबरठा ओलांडून घरात शिरला, इतकेच. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत दिवसभराची हजेरी लावून आलेल्या कामगाराची घरी जी दुसरी हजेरी घेतली जाते, तिला मात्र रजेची तरतूद नाही. नापिताकडून आपण बिनपाण्याची हजामत घेतली, आणि भुणभुण तर थेट माशीकडून.

याच अंबरनाथात शिलाहार नृपती माम्वाणीच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेले शिवालय आहे. शिलाहारांच्या अमदानीत दानपत्राचा भंग करणाऱ्यास गर्दभाचे चित्र कोरून आईवरून शिवी देण्याची रीत होती. त्या शिळांना गधेगाळ म्हणतात, आणि परळ येथील बाराव्या शतकातील लेखात तर ती शिवी मराठीत आहे. शिवीला राजमुद्रेचे पाठबळ मिळाल्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु माझ्या मते खरे कौशल्य उघड शिवीत नाही, ते ‘लेकी बोले सुने लागे’ या पद्धतीत आहे. ज्याला लागावयाचे त्याला लागते आणि तक्रार करावयास जागा राहत नाही. भोंडल्याच्या गाण्यांत सुनांनीही सासरच्या माणसांची या पद्धतीने सव्याज परतफेड केली आहे. शालजोडीतला बसला तरी त्यात शालीची ऊब असते, असे काही सज्जन म्हणतात. त्यांना तो बसलेला नसावा.

बदलापूरच्या लोकलमध्ये या कलेची तालीम रोज चालते. कायमच्या सोबत्याचे नवे केस, नवा चष्मा, वरिष्ठाने काढलेली खरडपट्टी, काहीही फिरकी घेण्यास पुरते, आणि घाटकोपर येईपर्यंत त्याचे पुरते वाभाडे निघतात. मात्र डब्यातल्या एखाद्या नवख्याने त्याच माणसाला नावे ठेवली, तर सारी बाके त्या नवख्यावर तुटून पडतात.