बरा झाला, पण सुटला नाही

बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधलेला काशीचा शिंदे घाट मराठी यात्रेकरू हमखास पाहतात. वरुणेपलीकडच्या पांडेपूरचं मनोरुग्णालय मात्र क्वचितच कुणी पाहतं. ते घाटाहून जुनं, १८०९चं. उत्तर प्रदेशातल्या तुरुंगांतले मनोरुग्ण कैदी इथे धाडले जात आले आहेत. या कैद्यांवर हुकूम कुणाचा, डॉक्टरांचा की तुरुंग खात्याचा?

इंग्रजी अमदानीत वेड्यांची इस्पितळं तुरुंगांच्या महानिरीक्षकांच्या हाताखाली होती. १९१२च्या वेड्यांविषयीच्या कायद्याच्या सुमारास ती सिव्हिल सर्जनांकडे गेली. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप होता, त्यांचं नशीब मात्र कोर्ट आणि तुरुंग यांच्या पत्रव्यवहाराला बांधलेलंच राहिलं.

आसामचा मचल लालुंग १९५१ साली पकडला गेला. आरोप गंभीर दुखापतीचा. त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७मध्ये डॉक्टरांनी तो बरा झाल्याचं लिहून दिलं, तेव्हा त्याला घरी नव्हे, गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं. खटला उभाच राहिला नाही. २००५मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. इस्पितळानं आपलं काम केलं होतं. पुढचा कागद हलवणं कुणाचीच जबाबदारी नव्हती. हे प्रकरण आणि फैजाबादच्या एका कच्च्या कैद्याची ३८ वर्षांची कोठडी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, आणि २००७मध्ये न्यायालयाने अशा खटल्यांचा नियमित आढावा घ्यायला सांगितलं.

म्हणून नुसती खाट तुरुंगातून इस्पितळात हलवून भागत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०३नुसार अशा रुग्णाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, रुग्ण सरकारी मनोरुग्णालयात असेल तर त्याच्या प्रकृतीचा दाखला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने द्यायचा आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पण तुरुंगात असलेल्याचा दाखला अजून तुरुंगांचे महानिरीक्षकच देतात, आणि वेडाच्या भरात गुन्हा झाला म्हणून निर्दोष ठरलेल्याच्या सुटकेचा हुकूम राज्य सरकारच्या हातात राहतो.

हा ताबा आरोग्य सेवेकडे सोपवताना इटलीने २०१४च्या कायद्याने न्यायवैद्यक मनोरुग्णालयं, म्हणजे आरोपी मनोरुग्णांची इस्पितळं, बंद करायला घेतली आणि २०१७पर्यंत सहाही बंद केली. त्याऐवजी प्रादेशिक आरोग्य सेवेखाली जास्तीत जास्त वीस खाटांची निवासी केंद्रं उभी राहिली. खाटा अपुऱ्या पडल्याने काही रुग्ण तुरुंगातच ताटकळले, हेही खरं.

आपल्याकडे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं आरोग्य खात्याचीच आहेत. तिथल्या प्रत्येक आरोपी-रुग्णाचा सहामाही अहवाल पुनर्विलोकन मंडळाबरोबरच थेट कोर्टात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला पाहिजे. ‘खटल्यास योग्य’ असा शेरा पडला की लगेच तारीख लागावी, आणि पोलीस गार्ड मिळाली नाही म्हणून ती हुकू नये.