अडीच इंचांची चिंधी

क्विल्टची शिवण सगळे वाखाणतात, कापणीकडे मात्र कुणी पाहत नाही. खरी दमछाक तिथेच होते. आपल्या गोधडीत जुनं लुगडं तळाला अंथरून वर तुकडे धावदोऱ्याने टाचतात, म्हणून वाकडा तुकडाही सामावून जातो. अमेरिकन क्विल्टचा वरचा थर मात्र तुकड्याला तुकडा जोडूनच उभा राहतो आणि प्रत्येक शिवणीला पाव इंच माया धरलेली असते. तीस तुकड्यांच्या ओळीत प्रत्येक तुकडा अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, मोठा निघाला की ओळ जवळजवळ दोन इंचांनी लांबते. मग ती शेजारच्या ओळीशी जुळत नाही.

पूर्वी पुठ्ठ्याचे साचे, पेन्सिल आणि कात्री यांवरच काम चाले. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीचं गोल पात्याचं कटर आलं आणि सलग कापडाच्या सरळ पट्ट्या झटपट निघू लागल्या. चिंध्यांची अडचण तशीच राहिली. एकीचा आकार दुसरीसारखा नसतो; दर वेळी पट्टी नव्याने लावा, मापा, बेता. बोटभर कापडासाठी एवढा खटाटोप कोण करणार? पिशव्या भरत गेल्या.

डाय कटरने हा खटाटोप संपवला. ओमाहातल्या ॲक्युक्विल्ट कंपनीचं ‘गो’ हे हाताने फिरवायचं यंत्र क्विल्ट करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचं आहे. डाय म्हणजे एक फळी. तिच्यात हव्या त्या आकारात पोलादी पाती उभी रोवलेली असतात आणि भोवतीचा फोम त्यांच्या धारेहून किंचित उंच असतो. फोमवर इस्त्री केलेली चिंधी अंथरायची, वर प्लास्टिकची मॅट ठेवायची आणि हँडल फिरवायचं. रोलरखाली फोम दबतो, पातं कापडातून आरपार जातं. दाब सुटला की फोम तुकडा वर उचलून देतो. सुती कापडाचे सहा थर एका दमात कापले जातात. दोन इंची त्रिकोणी जोडासाठी हाताने पावणेतीन इंच आणि वर एक सूत असा चौकोन कापून तिरपा चिरावा लागतो. डायमधून तो त्रिकोण माया धरून, जादा टोकं छाटूनच बाहेर येतो.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावं. कापडाचा उभा धागा रोलरच्या वाटेने ठेवायचा; आडवा ठेवला तर कापड ताणलं जाऊन आकार बिघडतो. चिंधीला काठ नसतो, म्हणून ती दोन्हीकडून ओढून पाहायची. कमी ताणते ती उभी बाजू.

प्रत्येक आकाराला वेगळी डाय लागते आणि ती स्वस्त नसते. आयुष्यात एखादंच क्विल्ट करणाऱ्याने या फंदात पडू नये. पण मनगट दुखणाऱ्या बाईला हे यंत्र वरदानच आहे. मोठ्या डायच्या नादी लागलात तर कडेला नव्या चिंध्या साचतात, म्हणून माझं मत छोट्या डायला. अडीच इंचांचा चौकोन शिवल्यावर दोन इंचांचा उरतो. साठ बाय बहात्तर इंचांच्या क्विल्टला असे १०८० चौकोन लागतात. प्रत्येक शिवणकामानंतर उरलेली कातरणं त्याच दिवशी डायवर घातली आणि चौकोन रंगवार डब्यात टाकले, तर ही संख्या कुठलंही नवं कापड न फाडता गाठता येते.