मौन म्हणजे संमती नव्हे : ॲजाइल टीममधल्या एकमताचे गैरसमज

‘कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं.’ ॲजाइल टीमबद्दल जे गैरसमज आहेत, त्यांतला हा सर्वांत महागात पडणारा. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय वाचला जातो, मागून कोणीतरी ‘मंजूर’ म्हणतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. स्प्रिंट प्लॅनिंगमधलं ‘क्लिअर आहे ना सगळ्यांना?’ पुष्कळदा याच जातीचं असतं. फरक इतकाच, की इथे ‘मंजूर’ म्हणायलाही कोणी अनम्यूट होत नाही.

एक साधी स्टोरी घ्या : ‘ग्राहकाला ऑर्डर रद्द करता आली पाहिजे.’ यात न कळण्यासारखं काय आहे? पण डेव्हलपरने मनात धरलंय, माल गोदामातून निघेपर्यंतच रद्द करता येईल. टेस्टरच्या डोक्यात तीन वस्तूंपैकी एकच रद्द करणारा ग्राहक आहे. प्रॉडक्ट ओनरला काळजी आहे ती कूपन वापरलेल्या ऑर्डरचे पैसे किती परत द्यायचे याची. तिघंही ‘क्लिअर आहे’ म्हणतात आणि तिघंही खरंच बोलत असतात. ज्याला त्याला आपापलं चित्र स्वच्छ दिसत असतं.

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग या ठिकाणी चपखल बसतो. एकाने प्रसिद्ध गाण्याचा ठेका टेबलावर टकटक करून वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. आपण समजावून सांगितलं की समोरच्याला समजलंच, हा भरवसा किती पोकळ असू शकतो याचा हा हिशेब.

प्रत्येकाच्या डोक्यातलं चित्र बाहेर काढायला ॲजाइलमध्ये एक चांगली युक्ती आहे, पण तिच्याभोवतीही गैरसमज आहेच : प्लॅनिंग पोकर म्हणजे स्टोरीला आकडा चिकटवण्याचा खेळ. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली ती वेगळ्याच अडचणीतून. एस्टिमेटच्या बैठकीत दोन अनुभवी मंडळी वाद घालत बसायची आणि बाकीचे मुकाट ऐकायचे. म्हणून प्रत्येकाने कामाच्या अंदाजाचे पॉइंट लिहिलेला आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी उलटायचा. पुढे माइक कोन यांच्या २००५ च्या पुस्तकामुळे ही पद्धत सर्वत्र पोहोचली.

पत्ते एकदम उलटण्यातच सगळी गंमत आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी आतून व्यवस्था होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? १० पाहिलेल्यांचं मध्यक उत्तर २५ आलं, ६५ पाहिलेल्यांचं ४५. चक्राचा आफ्रिकेशी काहीएक संबंध नसताना ही गत. मग ज्याच्या हातात आपलं अप्रेझल आहे त्याने आधीच ‘मला तर हे तीन पॉइंटचं वाटतं’ म्हटलं, तर उरलेल्या पत्त्यांचं काय होत असेल?

आता एकाचे ३ आले आणि दुसऱ्याचे १३. बऱ्याच टीम मधला ८ लिहून मोकळ्या होतात. माझ्या मते त्या क्षणी पोकर वाया गेलं, कारण ८ पॉइंटचं काम त्या दोघांपैकी कोणाच्याच मनात नव्हतं. ३ वाल्याने फक्त ‘रद्द’चं बटण धरलंय, १३ वाल्याला पेमेंट गेटवेने मागे घातलेला घोळ आठवतोय. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा टाकणाऱ्यांनी आपापलं कारण सांगायचं आणि मग पुन्हा पत्ते टाकायचे, अशी मूळ रीत आहे. सगळ्यांचे ५ आले तरी टेस्टरला हळूच विचारून पाहावं, ‘तू यात काय काय धरलंस?’ आकडे जुळले म्हणून चित्रं जुळली असं होत नाही. (आणि मॅनेजर हेच पॉइंट मोजून दोन टीमची तुलना करायला लागला, की लोक खरे पत्ते टाकणं सोडून देतात. यावर उपाय एकच : तुलना बंद.)

‘एकमत म्हणजे सगळ्यांना शंभर टक्के पटायला हवं’ हा एक गैरसमज आणि ‘बहुमत झालं, बास’ हा त्याचा जुळा भाऊ. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था या दोन्ही वाटांनी जात नाही. तिथे रीतसर मतदान नसतं. बैठकीत कल पाहायचा असेल तर लोक चक्क ‘हम्’ असा हुंकार देतात. १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी मांडलेलं ‘रफ कन्सेन्सस’चं तत्त्व तिथे चालतं. पीट रेस्निक यांनी २०१४ च्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजात ते उलगडून सांगितलंय : शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले तरी त्याला एकमत म्हणता येईलच असं नाही, आणि पाच बाजूने, शंभर विरोधात असूनही ते असू शकतं. डोकी किती हा प्रश्नच नाही. हरकत घेणाऱ्याचा मुद्दा नीट तपासला का, त्याला उत्तर मिळालं का, हे बघायचं. ते झालं असेल तर तो माणूस नाराज राहिला तरी काम पुढे जातं. टीममध्ये पाचपर्यंत बोटं दाखवून कौल घेतात तेव्हा तीन बोटांचा अर्थ असाच असतो : फार आवडलं नाही, पण मी साथ देईन. एक बोट दिसलं की मात्र थांबून ऐकायला हवं.

प्रत्येक गोष्टीवर असा कौल घ्यायचा नसतो, हेही खरं. २०२० ची स्क्रम गाइड जेमतेम १३ पानांची आहे. तिच्यात प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. कामाचा आकार ठरवायचा तो काम करणाऱ्यांनी. काय आधी करायचं हे प्रॉडक्ट ओनरने सर्वांचं ऐकून एकट्याने ठरवलं, तर त्यात ॲजाइलच्या विरुद्ध काहीच नाही.

‘डिसअग्री अँड कमिट’ (पटलं नाही तरी साथ द्यायची) या शब्दांची आपल्याकडे उलटी तऱ्हा झाली आहे. ‘तुला पटत नसेल, पण आता ठरलंय, कमिट कर’ असं वरिष्ठ कनिष्ठांना ऐकवतात. जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१६ च्या पत्रात उदाहरण दिलं ते स्वतःचं : ॲमेझॉन स्टुडिओच्या एका निर्मितीबद्दल त्यांना शंका होती, टीमला खात्री होती, आणि माघार साहेबांनी घेतली.

राहिला ‘ॲजाइलमध्ये डॉक्युमेंट लागत नाही’ हा सदाबहार गैरसमज. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटामधल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी ॲजाइलच्या जाहीरनाम्यात चालणारं सॉफ्टवेअर दस्तऐवजांपेक्षा वर ठेवलं, पण दस्तऐवजांनाही मोल आहे हे त्याच जाहीरनाम्यात लिहून ठेवलं. हे सतरा जण वेगवेगळ्या पद्धतींचे पुरस्कर्ते होते. एकमत झालं ते चार मूल्यांवर. पद्धती ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. बोलून झालेलं दोन ओळींत लिहून ठेवा, फक्त त्या ओळींनी बोलण्याची जागा घेऊ नये.

तुम्ही टीमचे लीड असाल तर एवढं करून बघा : पुढच्या स्टोरीवर सर्वांत नव्या माणसाला ‘हे पूर्ण झालं हे आपण कशावरून ओळखायचं?’ असं विचारा, त्याचं बोलणं मधे न तोडता ऐका आणि स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी सांगा.