वेंगुर्ल्याची शांतता

वेंगुर्ल्याला जाऊन आलेला प्रत्येक गृहस्थ एकच वाक्य घेऊन परततो, ‘काय शांतता आहे हो तिथं!’ सुटीचे चार दिवस सागरेश्वराच्या किनाऱ्यावर काढणारा मीही त्यातलाच. सुरूच्या बनातला वारा, लांबच लांब रेती, जेवणात ताजा बांगडा आणि वर सोलकढी! उत्तरपत्रिका विसरायला मराठीच्या प्राध्यापकाला आणखी काय हवे?

पण वाचकहो, ही शांतता वेंगुर्ल्याला जन्मजात लाभलेली नाही. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली; तिचे भग्नावशेष गावात आहेत. १८१२ साली बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे पारपोली घाटातून बेळगावपर्यंत रस्ता झाला आणि घाटावरचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरू लागला. तेव्हा इथे शांतता शोधायला कोणी येत नसे!

मग मार्मागोव्याहून निघालेली आगगाडी १८८८ च्या सुमारास घाट चढून गेली. घाटावरच्या व्यापाराने रुळांची वाट धरली आणि वेंगुर्ल्याचे बंदर ओस पडू लागले. मुंबईची आगबोट तेवढी राहिली. तिच्यातून पूर्वी माल जाई. आता घरचे कर्ते मुलगे जाऊ लागले आणि गाव मनीऑर्डरीची वाट पाहू लागले. आज ती आगबोटही नाही.

तरी या निवांत मुलखाने मराठीला भरभरून दिले. जवळच्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्याच शिरोड्यात गाजला. मंगेश पाडगावकर १९२९ साली जन्मले ते वेंगुर्ल्यातच. इथल्या फळसंशोधन केंद्राने निपजवलेले काजूचे वाण तर गावाचेच नाव मिरवतात.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. २०२१ मध्ये तालुक्यातच चिपीला विमानतळ आला. आता गावाकडे पाहुणे येऊ लागले आहेत. आपणही अवश्य जा. मात्र एखाद्या घरगुती खाणावळीत जेवा, काजू-कोकम तिथल्याच माणसाकडून घ्या आणि जवळपास कुलूप लावलेली किती घरे आहेत तेही पाहा. बंद घरांची शांतता आणि सुखी गावाची शांतता पाहुण्याला सारखीच वाटते. घरातल्या म्हातारीला मात्र त्यातला फरक पक्का ठाऊक असतो. तिचा नातू गावातच पोट भरू लागला, तर किनाऱ्यावर थोडी गडबड वाढेल. वाढू द्यावी!