सोडा-व्हिनेगरचा फेस आणि तुंबलेली मोरी

मोरी तुंबली की हल्ली पहिला सल्ला ठरलेला असतो : खायचा सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता किंवा लिंबू पिळा, फेस आला की पाईप मोकळा झाला समजा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या आमच्या खापरमध्येही मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हा उपाय घराघरांत पोचवला आहे. कितीही समजावलं तरी उत्तर एकच येतं, "अहो, पण फेस येतो ना!" येतो. मोरी मात्र त्याने सुटत नाही.

सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा गुण मारतात. मागे उरतं पाणी, सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार आणि कार्बन डायऑक्साइड. ५ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरला सुमारे ७ ग्रॅम सोडा पुरतो. त्याहून जास्त टाकलेला सोडा नुसता पडून राहतो. एवढ्यातून साधारण २ लिटर वायू निघतो, पण सिंकचं तोंड उघडंच असल्याने तो वरच्या वर निघून जातो. गाळ ढकलायला दाब लागतो आणि उघड्या नळीत दाब साठत नाही. शिवाय सिंकमध्ये पाणी तुंबलेलं असेल, तर हे मिश्रण त्या पाण्यातच विरतं, खालच्या गाळापर्यंत पोचतच नाही.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तेल-तुपाचा थर फोडायला तीव्र अल्कली लागते. खायचा सोडा त्या कामाला मुळातच सौम्य. त्यावर व्हिनेगर ओतून आपण त्याचा उरलासुरला जोरही घालवतो आणि याला रामबाण म्हणतो!

मग काहींचा पाईप सुटतो तो कसा? व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. फेस ओसरला की अर्धा तास थांबून पातेलंभर गरम पाणी ओतायला सांगतात. अडथळा अर्धवट असेल तर तो या पाण्याच्या उष्णतेने आणि भाराने सरकतो. पुढच्या वेळी सोडा न टाकता नुसतं गरम पाणी ओतून पाहा, तितकाच फरक पडेल.

आता पाईपमध्ये अडकतं काय, ते पाहू. शेवभाजीचा तेलकट रस्सा, मांड्यांवरचं तूप, वरणभाताचं खरकटं, चहाचा चोथा. तूप साधारण शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत, डोंगरावरच्या डाब-तोरणमाळकडे दवबिंदू गोठतात त्या दिवसांत, खालच्या गावांतही ते पाईपमध्ये लगेच थिजतं. पण घट्ट थराचं कारण वेगळंही असतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सांडपाण्याच्या नळांतले थर तपासले, तेव्हा त्यांत मुख्यतः कॅल्शियमचे साबण आढळले : तेलातली स्निग्धाम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम यांपासून बनलेले, पाण्यात न विरघळणारे. बोअरच्या जड पाण्यात हे कॅल्शियम भरपूर असतं. भांड्यांवर पांढरा थर धरणारं पाणी वापरत असाल, तर हे तुमच्याही पाईपमध्ये घडत असणार.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. उकळतं पाणी ओतलं की तेल वाहून जातं? ते थोडं पुढे जातं आणि हात न पोचणाऱ्या जागी पुन्हा थिजतं. शिवाय पीव्हीसी पाईप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून पाणी हाताला चटका बसेल इतपत पुरे. दुकानातली पावडर जास्त टाकली तर लवकर सुटतं? तिच्यात कॉस्टिक सोडा असतो. पाणी पुढे सरकत नसेल तर तो तिथेच तापून कडक गोळा होतो आणि पाईप उघडणाऱ्याचा हात भाजतो. संडास साफ करायचं ॲसिड सिंकमध्ये चालतं? स्टीलला ते खातं, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. सिंकखालचा ट्रॅप काढून टाकला की कटकट मिटते? त्यात साचणारं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं.

खरा उपाय साधा आहे. तुंबलेलं पाणी काढा, रबरी पंपाची वाटी बुडेल इतकं ठेवा, दुसऱ्या सिंकचं तोंड किंवा वरचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा आणि पंप दहा-पंधरा वेळा जोरात दाबा-ओढा. नाही सुटलं तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडा. बहुतेक गाळ तिथेच सापडतो. धुऊन परत बसवताना रबरी वायसर विसरू नका. ट्रॅप स्वच्छ निघाला, तर अडथळा पुढे आहे : गटारात किंवा शोषखड्ड्यात उघडणारं पाईपचं तोंड पाहा, पावसाळ्यात ते गाळाने बुजतं. तिथेही काही नसेल तर पाईपमध्ये लांब स्प्रिंग घालून गाळ काढणारा माणूस बोलवा.

पुन्हा तुंबू नये म्हणून सिंकवर बारीक जाळी ठेवा आणि तेलकट कढई घासण्याआधी रद्दी कागदाने पुसून घ्या. शोषखड्डा असलेल्या घरांनी तर हे कराच, कारण तेलाने बुजलेला खड्डा पुन्हा उपसावा लागतो. आणि पावडर आधीच ओतली असेल, तर पाईप उघडायला येणाऱ्या माणसाला ते दारातच सांगा. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. तसं झालंच तर लिंबू-व्हिनेगर काही न लावता वाहत्या पाण्याने डोळा किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.